कट्यारीवरचं लिंबू

शंभू माणसाला डोक्यावरून ओळखायचा. धंदाच तसा. पिरंगुटपासून पौडपर्यंत लग्न कुणाचंही असो, फेटे बांधायला भरे गावचा शंभूच. आणि बावीस वर्षांत हाताखालून इतकी डोकी गेली होती, की कापडाचा पहिला वेढा घालतानाच त्याला माणूस कळे. नुकती जमीन विकलेला चुलता मान अशी ताठ धरतो, की फेटा नव्हे मुकुट चढतोय. नवरदेवाचा मेहुणा दर दोन मिनिटांनी मोबाइलच्या काचेत बघतो. ज्याला आमंत्रण उशिरा गेलं तो 'मला नको, मला नको' म्हणत तिसऱ्या नंबरला येऊन बसतो. आणि खरा घाबरलेला असतो तो नवरदेव. वरून हसत असतो, पण त्याच्या कानशिलावरची शीर शंभूच्या बोटाखाली टकटक उडत असते.

शिवाजीनगरच्या सेशन कोर्टात मागच्या बाकावर बसल्या बसल्या शंभूने स्वतःच्या कानशिलाला बोट लावून पाहिलं. शीर नवरदेवासारखीच उडत होती.

वर्षभराची सक्तमजुरी. बेकायदा हत्यार बाळगलं म्हणून तालुक्याच्या कोर्टाने ठोठावलेली, आणि अपील करतो म्हटल्यावर तात्पुरती थांबवलेली. म्हणजे शिक्षा गेली नव्हती, नुसती दाराबाहेर चपला काढून बसली होती. अपील फेटाळलं की तो इथूनच थेट येरवड्याला जाणार होता. दाराशी उभ्या पोलिसाकडे शंभूने मान वळवून बघितलं नाही, पण तो कोणत्या पायावर भार देऊन उभा आहे हे त्याला न बघता माहीत होतं.

त्याची वकील वैशाली उभी होती. लवळ्याची पोरगी, तिच्या भावाच्या लग्नात शंभूनेच फेटे बांधले होते. तेव्हा ती म्हणाली होती, "शंभूदादा, आमच्यात बरंय बघा. पंचशील घ्यायचं, पांढरी साडी नेसायची, झालं लग्न. ती तुमची कट्यार आम्हाला लागत नाही." त्या वेळी शंभू हसला होता. आता त्याच कट्यारीपायी तो तिच्या मागे बसला होता.

"सर, ही वस्तू नवरदेवाने हातात धरायची, शोभेची," वैशाली सांगत होती. "इतकी बोथट, की हिने पेरूसुद्धा कापला जाणार नाही. हिला हत्यार म्हणायचं म्हणजे..."

न्यायाधीशांचं डोकं लहान, निमुळतं होतं. फेट्याला सात मीटर कापड पुरलं असतं. त्यांनी चष्मा काढला.

"एवढी बोथट असेल तर बघूनच टाकू ना," ते म्हणाले. "मुद्देमाल मागवून घ्या खालच्या कोर्टातून. पुढच्या तारखेला बघतो."

वैशालीने वळून शंभूकडे पाहिलं. तिला आनंद झाला होता. शंभूला मात्र झाला नव्हता.

कारण कट्यार बोथट नव्हती.

तशी ती अकरा वर्षं बोथटच होती. फेट्यांबरोबर तुरा, मोजडी आणि कट्यार हे सगळं शंभू भाड्याने द्यायचा. नवरदेवाने कट्यार हातात धरायची, तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं. दृष्ट लागू नये, वाटेत काही आडवं येऊ नये, म्हणून. आता बोथट टोकाला लिंबू किती बसणार? चांदे गावच्या एका लग्नात ते तीनदा पडलं. एकदा मांडवाच्या दारात, एकदा घोड्याच्या पायाशी, आणि तिसऱ्यांदा थेट रत्नाबाईच्या मांडीवर. रत्नाबाई नवरदेवाची आजी. तिने ते लिंबू उचललं आणि दोनशे माणसांत शंभूला दाखवलं.

"आरं, कट्यार हाय का उलथनं? माझ्या नातवाला खेळनं दिलंस व्हय?"

पुढे महिनाभरात त्या नवरीचं आणि सासूचं वाजलं. ते वाजणारच होतं. दोघींची डोकी शंभूने पाहिली होती. पण रत्नाबाईने हिशेब लिंबाच्या नावावर मांडला, आणि चांद्याची पुढची दोन लग्नं दुसऱ्या फेटेवाल्याकडे गेली. तेव्हा शंभू कट्यार घेऊन पिरंगुटला कैलासच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला. कैलासने ग्राइंडरवर दोन मिनिटं टोक धरलं, ठिणग्या उडवल्या, काम संपलं. त्यानंतर लिंबू असं बसायला लागलं, की नवरदेव घोड्यावरून पडला असता तरी लिंबू पडलं नसतं.

त्या टोकाने तिसरं लग्न लावून शंभू मोटारसायकलवरून घरी येत होता. लोकसभेची आचारसंहिता लागलेली. घोटवडे फाट्यावर दुपारची नाकाबंदी. पिशवीत बावीस फेटे आणि वर कट्यार. पिशवी फाटू नये म्हणून टोकाचं लिंबू त्याने तसंच ठेवलं होतं. हवालदार पोहे खात होता. त्याने कट्यार बाहेर काढली, हसला, लिंबू उपसलं आणि टपरीवरच्या सुरीने चिरून पोह्यावर पिळलं. "रसाचं हाय रं," असंही म्हणाला. शंभूही हसला. बावीस वर्षांच्या धंद्यात तो इतक्या चुकीच्या जागी कधी हसला नव्हता. तेवढ्यात वरच्या साहेबांची गाडी आली, आज एकही कारवाई नाही म्हणून साहेब तापले, आणि पोह्याची प्लेट टपरीच्या मागे गेली. हवालदाराच्या हातात उरली कट्यार. तिच्यावर आता लिंबू नव्हतं, नुसतं चकचकीत टोक होतं.

खालच्या कोर्टात त्याला निरंजन वकील मिळाले होते. त्यांचं एकच औषध. "साहेब काहीही विचारू देत, 'खोटं आहे' म्हणायचं. बाकी मी बघतो." शंभूने ते घोकून ठेवलं. त्या दिवशी तुम्ही फाट्यावर मोटारसायकलवरून आला होता? खोटं आहे. सदर कट्यार तुमच्याजवळ मिळाली? खोटं आहे. शेवटी साहेबांनी विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का? त्यालाही शंभू म्हणाला, "खोटं आहे." कारकून खुदकन हसला. निकालात मात्र लिहून आलं, की आरोपीने कट्यार जवळ बाळगण्याचं कसलंही कारण दिलेलं नाही. त्या कागदांत लग्नाचा, फेट्यांचा, लिंबाचा कुठेच पत्ता नव्हता.

अपिलासाठी वैशालीकडे गेल्यावर तिनेही पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "धार होती का तिला?"

जिभेला वळण पडलेलं. "खोटं हाय," शंभू म्हणाला होता.

*

"वकीलबाईला सांगून टाका," त्याची बायको पिंकी म्हणाली. ती अंगणात दोरीवर धुतलेले फेटे टाकत होती. लग्नसराई चालू होती आणि फेटे धुवायला कमी येत होते. त्यावरूनच कळत होतं, गावात कुणाला काय काय कळलंय ते. शिक्षा झाल्यापासून विचारपूस करायला येणारे दोन जातीचे होते. काही खरंच विचारायला यायचे. ते चहा घ्यायचे नाहीत. बाकीचे चहा संपेपर्यंत बसायचे आणि जाताना म्हणायचे, आमच्या पोराचं यंदा जरा लांबणीवर पडलंय बरं का, नायतर तुलाच सांगनार हुतो.

"आन् तिनं माझा खटला सोडला तर?"

"सोडंना का. जज काय आंधळा हाय? पार्सल उघडलं की दिसनारच."

"लांबनं न्हाई दिसायचं. हात लावला तरच कळतंय."

"मग न्हाई लावायचा त्यो हात," पिंकी म्हणाली. "बसा येरवड्यात. तितं फेटं न्हाई बांधून घेत कुनी, तितं टोप्याच असत्यात, तयार." ती हे बोलली आणि ओला फेटा तोंडाशी धरून तशीच पाठमोरी उभी राहिली. तिला रडू आलं की काय हे बघायला शंभू पुढे झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो लवळ्याला गेला. वैशालीचं ऑफिस म्हणजे कॉलेजच्या फाट्यावर झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. खाली पोरापोरींची गर्दी, हिंदी, इंग्रजी, वडापावचा वास. शंभू जिना चढला, उतरला, पुन्हा चढला.

"टोक काढल्यालं हाय कट्यारीला," तो दारातूनच म्हणाला. "मीच काढलंय. ग्राइंडरवर."

वैशालीने पेन खाली ठेवलं.

"शंभूदादा, मी त्या जजसमोर पेरू म्हणाले. पेरू! तो आता पुढच्या तारखेला पेरू घेऊन बसला तर मी काय करू?"

"चुकलं, ताई."

"तुम्हाला मी विचारलं होतं. सरळ विचारलं होतं."

"त्ये... सवय लागली हुती."

"बसा खाली. आणि आता पहिल्यापासून सांगा. काय खोटं आणि काय खरं ते मी ठरवीन."

शंभूने सगळं सांगितलं. रत्नाबाईची मांडी, कैलासचा ग्राइंडर, फाटा, पोहे. लिंबाशी आल्यावर वैशालीने त्याला थांबवलं.

"लिंबू पंचनाम्यात का नाही मग?"

"पोह्यात गेलं की वो त्ये."

तिला हसू आलं नाही. तिने फाइल ओढली आणि पंचनामा काढून बोटाने ओळी धरत मोठ्याने वाचला. 'एक धारदार व टोकदार कट्यार. टोकास दीड इंचापर्यंत तपकिरी डाग. मुठीस लाल व पिवळी पूड लागलेली. चेहरा झाकण्याकामी उपयोगात येणारी रंगीत कापडे, प्रत्येकी अंदाजे नऊ मीटर, नग बावीस.'

"चेहरा झाकायला," शंभू म्हणाला. इतक्या भीतीतही त्याला ते लागलं. "नऊ मीटरचं कापड, ताई. चेहरा झाकायला?"

वैशाली ऐकत नव्हती. ती 'तपकिरी डाग' या शब्दांवर पेनने गोल करत होती. मग तिने प्रयोगशाळेचा कागद काढला: डागात रक्त आढळले नाही. त्यावरही गोल केला.

"नवा पुरावा अपिलात सहजी घेत नाहीत," ती म्हणाली. "तुमच्या लग्नांचे फोटो आता चालायचे नाहीत. जे लिहिलंय तेवढंच. दोन रस्ते आहेत, दादा. एक, आपण गप्प बसायचं. जजने टोकाला हात लावला नाही तर सुटलो. दुसरा, त्यांनी हात लावायच्या आत मीच सांगायचं की टोक काढलेलं आहे आणि का काढलंय. पण त्यांना पटलं नाही तर ते तुमचं कबूल केल्यासारखंच होईल. मग तुम्ही तिथूनच आत. तुम्ही ठरवा. तुमचं वर्ष जाणार आहे, माझं नाही."

शंभूने तिच्या डोक्याकडे पाहिलं. केस घट्ट बांधलेले, मान सरळ, उगीच ताठ नाही. अशा डोक्याला फेटा बसतो आणि सुटत नाही.

"पहिला येढा चुकला," तो हळू म्हणाला, "की वरनं किती बी चापून बसवा. वरातीत सुटतोयच त्यो. सगळा सोडून परत बांधावा लागतोय." त्याने पंचनामा तिच्याकडे सरकवला. "सांगा, ताई."

*

तारखेला पिंकी बरोबर आली. तिने पिशवीत दोन कपडे, एक चादर आणि शंभूचा दात घासायचा ब्रश घातला होता. तो ब्रश शंभूला पिशवीच्या जाळीतून दिसत होता.

मुद्देमालाचं पार्सल आलं. पांढऱ्या कापडात शिवलेलं, लाखेची तीन सिलं. शिपायाने ते टेबलावर ठेवलं आणि शंभूला दिसलं, की कापडाच्या एका कोपऱ्यातून नखाएवढं टोक बाहेर आलंय. कपाटात पडल्या पडल्या कट्यारीने स्वतःच कापड भोसकलं होतं.

सरकारी वकिलांनाही ते दिसलं. त्यांनी शेजारच्याला कोपर मारलं. न्यायाधीशांनी चष्मा लावला, पुढे वाकले, आणि पहिल्यांदाच हसले.

"मॅडम, पेरूचं काय झालं?"

वैशाली उठली.

"पेरूबद्दल मी चुकले, सर. पार्सल उघडायच्या आत सांगते. कडा बोथट आहेत, टोक मात्र काढलेलं आहे. माझ्या पक्षकाराने ते स्वतः काढून घेतलंय. पण का, ते ह्या कागदांतच आहे. कुणी वाचलं नाही, एवढंच." तिने पंचनाम्याचं पान उघडलं. "पंचनाम्यात मुठीला लाल-पिवळी पूड आहे. आपल्याकडे लाल आणि पिवळी पूड एकत्र कशावर वाहतात, सर? बावीस रंगीत कापडं आहेत, प्रत्येकी नऊ मीटर. एवढ्या कापडाने माणूस चेहरा झाकत नाही, फेटा बांधतो. आणि टोकाला दीड इंच तपकिरी डाग आहे, तो रक्ताचा नाही. तो कशाचा, हे कुणी विचारलंच नाही."

सिलं फोडली गेली. न्यायाधीशांनी कट्यार हातात घेतली. एका कडेवरून अंगठा फिरवला, दुसऱ्या कडेवरून फिरवला. काही झालं नाही. मग मुठीची नक्षी खिडकीकडे धरली. खाचांत हळदकुंकू घट्ट बसलं होतं. मग टोक. दीड इंचापर्यंत गंज चढलेला आणि तिथे एकदम थांबलेला, गोल कड सोडून. त्याच्या वर पातं स्वच्छ. त्यांनी टोकाला बोट लावलं आणि पटकन काढून घेतलं.

"उभा राहा रे," ते शंभूला म्हणाले. "टोक कशाला काढलंस?"

शंभू उठला. जीभ आपल्या जुन्या वळणाने निघाली, "खो..." आणि मध्येच अडकली. दाराशी पोलिसाने भार दुसऱ्या पायावर घेतला, हे त्याला न बघता कळलं.

"लिंबू पडत हुतं, साहेब," तो म्हणाला.

"काय?"

"नवरदेवाचं लिंबू. टोकाला बसत नव्हतं. तीनदा पडलं. बाया नावं ठेवायला लागल्या. म्हनून टोक काढलं. दुसऱ्या कशासाठी न्हाई, साहेब. पोटच्या पोरीची आन."

"मग धरलं तेव्हा लिंबू होतं?"

"हुतं."

"पंचनाम्यात नाही."

शंभूने वैशालीकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, पण नजर काढूनही घेतली नाही.

"हवालदारसाहेबांनी पोह्यावर पिळलं."

मागच्या बाकांवर हशा झाला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी गंजाच्या गोल कडेकडे, लिंबू रुततं तेवढ्याच जागेकडे, पुन्हा एकदा पाहिलं, कट्यार खाली ठेवली आणि म्हणाले, "चार वाजता."

साडेबारा ते चार शंभू आणि पिंकी आवारात झाडाखाली बसले. पिंकीने डबा उघडला आणि तसाच बंद केला. समोरून बेड्या घातलेली माणसं गाडीकडे नेत होते. त्यांच्या डोक्यांकडे शंभूने पाहिलं आणि प्रथमच त्याला एकाही डोक्यावरून काही कळलं नाही. सगळी सारखीच दिसत होती.

चार वाजता न्यायाधीशांनी वाचलं ते इंग्रजीत. शंभू उभा होता. पोलीस दारातून दोन पावलं आत आला आणि शंभूने हात आपणहून पुढे केले. वैशालीने ते हात खाली दाबले.

"सुटलात, दादा. शिक्षा रद्द."

"त्यो आत का आला मग?"

"पुढची केस आहे त्याची. चला बाहेर."

शंभू चालायला लागला आणि दारात थांबला. "वाचताना शेवटी माझं नाव घेतलं परत. कशापायी?"

वैशाली आता पहिल्यांदा हसली. "अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल आरोपीला परत करावा, असं आहे ते."

*

चार महिन्यांनी तालुक्याच्या कोर्टातून निरोप आला. कट्यार घेऊन जा.

"न्यायची न्हाई म्हनलं तर?" शंभूने मुद्देमालाच्या कारकुनाला विचारलं.

"ऑर्डर आहे. माझ्या रजिस्टरची नोंद मी काय आयुष्यभर उघडी ठेवू?" कारकून म्हणाला. त्याचं डोकं चौकोनी होतं, अशांशी बोलून उपयोग नसतो. "इथं सही करा. इथं पण."

बाहेर येईपर्यंत टोक वर गुंडाळलेल्या वर्तमानपत्रातून निघालं होतं. घरची वाट तीच, फाट्यावरून. आणि ह्या वेळी झेडपीची आचारसंहिता होती. शंभू मोटारसायकलपाशी दहा मिनिटं नुसता उभा राहिला. मग बाजारात गेला, भाजीवालीच्या पाटीतली लिंबं दाबून दाबून पाहिली, त्यातलं एक पिवळं, भरलेलं निवडलं आणि कट्यारीला गच्च खोचलं. कोर्टाच्या हुकमाची शिक्क्याची प्रत प्लास्टिकमध्ये घालून छातीच्या खिशात ठेवली.

घोटवडे फाट्यावर बॅरिकेड लागलेले होते. पोलीस नवा होता, तरणा. शेजारच्या टपरीवर पोह्यांची परात वाफाळत होती.

"काय आहे पिशवीत?"

शंभू गाडीवरून उतरला. कानशिलावरची शीर उडत होती. एका हाताने त्याने हुकमाची प्रत पुढे केली, दुसऱ्याने कट्यार, मूठ पोलिसाकडे आणि लिंबू स्वतःकडे धरून.

"हे लिंबू कशाला?" पोलिसाने विचारलं आणि हात पुढे केला.

शंभूने कट्यार झटकन मागे घेतली.

"हात लावू नगा, साहेब," तो म्हणाला. आवाज कापत होता, पण शब्द सुटे आणि स्वच्छ होते. "आदी कागद काढा, त्येच्यावर लिंबू लिवा. मग काय बघायचं त्ये बघा."